मुरगाव ते कॅसलरॉक : मामाच्या रुळांवरून

गोव्यात रेल्वे म्हटलं की आता कोकण रेल्वेच डोळ्यांसमोर येते. मांडवी-झुआरीवरचे पूल, अभियंत्यांना घाम फोडणारा पेडण्याचा बोगदा, १ मे १९९८ चं लोकार्पण, हे सगळं आमच्या पिढीच्या देखत झालं. पण त्याच्याही एकशे दहा वर्षं आधीपासून गोव्यात गाडी धावते आहे. मुरगाव बंदरातून निघायचं, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे करत दूधसागराच्या तोंडासमोरून घाट चढायचा आणि वर कॅसलरॉकला पोचायचं, असा तो मार्ग. माझं माहेर कुडचड्याचं, या रुळांच्या काठचं. आमच्या घरी कुकर लावायची वेळसुद्धा गाडीवरून ठरायची. आणि वामनमामा याच मार्गावर गार्ड होता.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. गेल्या पावसाळ्यात तो बराच आजारी पडला. उठून बसायला लागल्यावर त्याने एकच मागणं केलं, एकदा घाट चढून यायचा. मामी त्याला एकट्याला सोडणार नव्हती. म्हणून दिवाळी आटोपल्यावर मुलांच्या सुट्टीत आम्ही सगळेच निघालो : मी, संदेश, आर्या, ओम आणि मामा. मामीचे गुडघे दुखतात, ती घरीच थांबली.

शुक्रवार : मुरगाव, बोगमाळो

फोंड्याहून कदंबच्या बसने आम्ही सकाळीच वास्कोला उतरलो. मामा कुडचड्याहून पॅसेंजरने आला होता आणि स्टेशनच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसला होता. पाऊस संपून महिना झाला, तरी त्याची छत्री सुटत नाही.

"वास्कोपासून नाही गो सुरुवात करायची," तो म्हणाला. "गाडी बंदरातून सुटायची. तिथे जाऊ आधी."

आता प्रवासी गाड्या वास्कोलाच थांबतात. पुढे बंदरापर्यंत जातात त्या मालगाड्या. बंदराच्या आत सहज कुणाला सोडत नाहीत, त्यामुळे आम्ही वरच्या रस्त्याने टोकाकडे गेलो. खाली धक्का, क्रेनी, कोळशाचे काळे ढीग आणि त्यांच्या मधून वळत गेलेले रूळ. मुलांना जहाजं दिसली. मामा रुळांकडे बघत होता.

हा मार्ग इथे का आला, हे मी मुलांना तिथेच सांगितलं, कारण समोर बंदर असलं की ते लवकर समजतं. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. गोव्याचं मीठ, अबकारी, जकात यांवर इंग्रजांचा ताबा यायचा आणि बदल्यात मुरगावला बंदर बांधून तिथून ब्रिटिश हद्दीपर्यंत लोहमार्ग न्यायचा, असा त्याचा गाभा. लंडनमध्ये कंपनी उभी राहिली : वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. नावातली ही 'गॅरंटी' म्हणजे भागधारकांच्या व्याजाची हमी, आणि ती पोर्तुगीज सरकारने दिलेली. १८८७ मध्ये मुरगाव ते सावर्डे गाडी सुरू झाली आणि १८८८ मध्ये कॅसलरॉकपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला. मुरगाव हे मुंबईच्या तोडीचं बंदर होईल अशी लिस्बनची आशा होती. तेवढा माल कधी आलाच नाही. तह १८९२ मध्ये संपला, हमीचं ओझं मात्र पोर्तुगीज तिजोरीवर राहिलं. गाडी चालवण्याचं काम १९०२ पासून सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं, तिचीच पुढे मद्रास अँड सदर्न मराठा झाली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे एका वस्तूवर भेटणार आहे.

"म्हणजे मिठासाठी रेल्वे आली?" आर्याने विचारलं.

"मिठासाठी आणि बंदरासाठी," मी म्हटलं. पण तेवढंच नाही. याच रुळांवरून गोव्याची माणसंही बाहेर पडली. कुणी पोटासाठी मुंबई गाठली, कुणी शिकायला धारवाड-बेळगाव-पुणे. मुरगावच्या धक्क्यावरून पूर्व आफ्रिकेची जहाजं सुटत, ती गाठायला माणसं याच गाडीने बंदरात येत. गोव्याच्या शंभर वर्षांच्या निरोपांची ही जागा आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, मुरगावच्या या स्टेशनाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जेवून दुपारी आम्ही बोगमाळोला गेलो. नौदलाचं हवाई संग्रहालय मुलांना दाखवायचं होतंच, पण माझ्या मनात आणखी एक होतं. कामातून गेलेली यंत्रं जपायची म्हणजे काय करावं लागतं, हे गोव्यात बघायचं तर हीच जागा. हे संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. उघड्या आवारात विमानं उभी आहेत : विक्रांतवरून उडालेली सी हॉक आणि आलिझे, नंतरची सी हॅरियर, आणि सगळ्यांत मोठं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. १९७१ च्या युद्धात सी हॉक आणि आलिझे विक्रांतच्या डेकवरून पूर्व पाकिस्तानवर जात होती. ओम सी हॅरियरपाशी एवढा रमला की त्याला हलवणं कठीण झालं.

मामा मात्र प्रत्येक विमानाच्या पोटाखाली वाकून बघत होता. खाऱ्या हवेत धातूचं काय होतं हे त्याला नीट माहीत आहे. लोखंड गंजतं ते निदान दिसतं तरी. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगाच्या आतून पांढरी भुकटी धरते आणि रंगाला फुगे आले की मग कळतं. रिव्हेटच्या कडेला पाणी साचतं, तिथून सुरुवात होते. चार महिने कोसळणारा पाऊस आणि बाराही महिने समुद्राचा वारा, अशा जागी एवढी मोठी यंत्रं छपराविना उभी ठेवणं म्हणजे त्यांना पुन्हा पुन्हा घासणं आणि रंगवणं आलं. नौदल ते करतं, म्हणून ती विमानं आज उभी आहेत.

"आमचं एक इंजिन तरी असं ठेवायला हवं होतं," मामा म्हणाला. मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, काळात त्याच्या गाडीला आधी वाफेची इंजिनं असत, नंतर डिझेलची वायडीएम-४ आली. गेज बदलल्यावर त्या इंजिनांचं इथे काही काम उरलं नाही.

संध्याकाळी वास्कोहून कुळ्याकडे जाणारी पॅसेंजर धरली. दाभोळी, शंखवाळ, कासावली, माजोर्डा. शंखवाळ आलं की मी मुलांना दर वेळी सांगते, बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी या गावचे. १८७६ साली इथे जन्मले, तेव्हा ही गाडी नव्हती. मडगावला डबा भरला, बाजारहाट करून निघालेल्या बायका, कॉलेजची मुलं. चांदर येईपर्यंत अंधार पडला होता. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी. याच गावातल्या फाटकावर नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी अख्खी रात्र जागवली होती, लोहमार्गाच्या दुपदरीकरणाविरोधात. दुसरा रूळ कोळशासाठी टाकला जातोय, आणि गाड्या वाढल्या की रुळांलगतच्या जुन्या घरांना हादरे बसतील, असं त्यांचं म्हणणं. मामाचं मत वेगळं आहे. त्याने आयुष्यभर एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी ताटकळत काढलंय. संदेशचं आणि त्याचं यावर मडगावपासून जे सुरू झालं, ते कुडचडे येईपर्यंत चाललं. मी त्यात पडले नाही. माझं म्हणणं एवढंच, जे काही व्हायचं ते होण्याआधी जुनं काय काय उभं आहे त्याची नोंद तरी व्हावी. मोरी, पूल, केबिन, फाटकवाल्याची खोली, सगळ्याची.

शनिवार : मामाची ट्रंक, कुळे

सकाळी मामीने दिवाळीचे उरलेसुरले फोव, म्हणजे पोहे, केले, नारळाच्या रसातले आणि ताकातले. ते खाऊन होताच मामाने पलंगाखालून ट्रंक ओढली. ही ट्रंक मी लहानपणापासून बघत आले आहे, पण आत काय आहे ते कधी नीट बघू दिलं नव्हतं. "कामाच्या वस्तूंशी खेळायचं नाही" हे तेव्हाचं ठरलेलं वाक्य.

वर दोन झेंड्या, हिरवी आणि लाल, घडीवर विरलेल्या. शिट्टी. जुनी वेळापत्रकं, त्यांतल्या काहींना वाळवी लागलेली. गाडीची नोंद ठेवायची वही. आणि तळाशी जुन्या पंचात गुंडाळलेला हातदिवा.

तो दिवा मी जरा सविस्तर सांगते. साधारण वीतभर उंचीचा, काळ्या पत्र्याचा गोल डबा. पुढे एकच फुगीर काच, मागे धरायला दोन कड्या. वरचं धुराडं चिमटीत धरून फिरवलं की आतलं नळकांडं फिरतं आणि त्या एकाच काचेतून पांढरा, मग हिरवा, मग लाल रंग दिसतो. प्रत्येक रंगाला ते नळकांडं 'टक्' करून अडकतं, म्हणजे अंधारात न बघताही बोटांना कळावं कुठला रंग लागलाय. आत पितळी बर्नर आणि रॉकेलची छोटी टाकी. काचेला आतून अजून काजळी आहे. आणि पत्र्यावर ठोकलेली अक्षरं : एम अँड एस एम. मद्रास अँड सदर्न मराठा. मामा नोकरीला लागला तेव्हा ती कंपनी जाऊन कित्येक वर्षं झाली होती. दिवा तिच्या काळातला, हातोहात पुढे आलेला. नंतर विजेरीचे दिवे आले, हा भंगारात निघाला, तेव्हा मामाने तो भंगाराचे पैसे भरून, पावती करून घरी आणला. पावतीही ट्रंकेत आहे.

"याने काय करायचे?" ओमने विचारलं.

मामा उठून उभा राहिला. दिवा उजव्या हातात धरून त्याने खांद्याच्या उंचीवर डावीकडून उजवीकडे संथ हलवला. "हे इंजिनवाल्याला. सगळं बरोबर आहे, चल." मग धुराडं फिरवून लाल केला. "आणि हे, थांब." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात आहे, पण त्या क्षणी तो जराही थरथरत नव्हता. मामी दारातून बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग टोकनची गोष्ट निघाली. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तरने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय इकडचं यंत्र टोकन सोडतच नाही, आणि ड्रायव्हरच्या हातात टोकन आल्याशिवाय गाडी हलत नाही. वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत टोकन. न थांबणाऱ्या गाडीला पॉइंट्समन ते कडं वर धरून उभा राहायचा आणि इंजिनवाला धावत्या इंजिनातून हात घालून ते उचलायचा. पावसात, रात्री, मशालीच्या उजेडात. आर्या हे ऐकताना लिहायची थांबली होती. यातलं तिच्या पुस्तकात काहीच नाही.

संदेशने सुचवलं, "मामा, हुबळीला रेल्वेचं संग्रहालय झालंय, २०२० मध्ये. आपली दक्षिण पश्चिम रेल्वेच ते बघते. दिवा तिथे दिलात तर नीट राहील." मामाने उत्तर दिलं नाही. दिवा परत पंचात गुंडाळला.

दुपारच्या गाडीने आम्ही कुळ्याला गेलो. नोव्हेंबरात कुळे म्हणजे दूधसागरच्या जीपगाड्यांची गर्दी. पावसाळ्यात बंद असलेली वाट सुरू झालेली असते, लाइफ जॅकेटवाले, हॉटेलवाले, परगावचे पर्यटक. स्टेशन त्यांच्या दृष्टीने फक्त उतरायची जागा. खरं तर उभ्या गोव्याच्या इतिहासातलं हे फार मोठं स्टेशन आहे.

पोर्तुगीज काळात ही हद्द होती. वरून येणाऱ्या माणसाची इंग्रजांकडून तपासणी कॅसलरॉकला आणि पोर्तुगिजांकडून कुळ्याला. ट्रंका उघडायच्या, गाठोडी सोडायची, कागद दाखवायचे. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावला सभाबंदी मोडली, हे गोव्यात शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पण त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ते पुन्हा गोव्यात यायला निघाले तेव्हा त्यांना पकडलं ते इथे, कुळ्याच्या स्टेशनवर, आणि आग्वादच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. मडगावच्या मैदानाला लोहियांचं नाव मिळालं. कुळ्याच्या फलाटावरही मोठ्या अक्षरांत हे लिहिलेलं असायला हवं, मराठीत, कोकणीत, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडेल अशा जागी.

पुढे १९५५ मध्ये भारत सरकारने नाकेबंदी केली आणि घाटातली गाडी बंद झाली. मामा तेव्हा नऊ वर्षांचा. "गाडी कुळ्यापर्यंत यायची नि तोंड फिरवून परत जायची," तो म्हणाला. "पलीकडे काय आहे ते आम्हा पोरांना ठाऊकच नव्हतं. माझी आत्या लोंढ्याला दिलेली. सहा वर्षं तिचं तोंड बघितलं नाही." १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि मग घाट पुन्हा वाहता झाला. ती आत्या पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा कुडचड्याच्या स्टेशनवर घरचे सगळे गेले होते. पुढे आठ-नऊ वर्षांनी मामा रेल्वेत लागला. त्याला स्वतःला त्यात काही विशेष वाटत नाही, नोकरी मिळाली म्हणून केली म्हणतो. मला मात्र तसं वाटत नाही.

फलाटावर एक तरुण कर्मचारी भेटला. मामाने ओळख सांगताच त्याने खुर्ची आणून दिली, चहा मागवला. मामा त्याला विचारत होता : जुनं पाण्याचं नळकांडं कुठे होतं, रनिंग रूमची, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीची, जागा कुठली, इंजिनाची राख कुठे पाडायचे. त्या मुलाला यातलं बरंच माहीत नव्हतं, पण त्याला ऐकायचं होतं. मामाने छत्रीच्या टोकाने जमिनीवर नकाशाच काढला. आर्याने तो वहीत उतरवून घेतला आणि मी फोटो काढला. बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी गोवा चित्र संग्रहालयात नांगर, घाणे, पालख्या, बैलगाड्या अशा हजारो वस्तू जमवून ठेवल्या आहेत, लोकांनी टाकून दिलेल्या. एकट्या माणसाच्या ध्यासाने एवढं उभं राहू शकतं. रेल्वेच्या वस्तूंचं अवघड असं की त्या कुणाच्या घरच्या नसतात. त्या भंगाराच्या यादीत जातात, लिलाव होतो आणि वितळतात. मार्ग चालूच राहतो, त्यामुळे त्यातलं काही गेलंय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

रविवार : घाट

सकाळी कुडचड्याला एक्स्प्रेस धरली. कुळ्याला मागून इंजिनं जोडली, त्यांना रेल्वेतली माणसं बँकर म्हणतात. कुळे ते कॅसलरॉक अंतर फक्त २६ किलोमीटर, पण चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेसाठी हा फार उभा चढ. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, आणि मधल्या डब्यांत बसलेल्याला दोन्हीचा जोर जाणवतो.

ब्रागांझा घाट हे नाव पोर्तुगालच्या राजघराण्यावरून पडलं. मामा नुसतं 'घाट' म्हणतो. सोनावळी, दूधसागर, करंझोळ, मग कॅसलरॉक. या मधल्या स्टेशनांना गाव असं नाहीच, जंगल आणि रेल्वेची माणसं. मामाने सांगितलं, तिथे बदली झालेल्या, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनांचा बाजार, रेशन, कधी कधी प्यायचं पाणीही गाडीनेच जायचं. आजारी माणसाला खाली आणायचं तर मालगाडी थांबवायची. हिवताप तर पाचवीला पुजलेला. ज्यांनी हा मार्ग पहिल्यांदा खोदला त्यांचे काय हाल झाले असतील, याचा विचार मी त्या बोगद्यांतून जाताना करत होते. बोगद्याच्या भिंतीवर अजून छिन्नीचे घाव दिसतात. उजेड आला की एकदम दरी, पुन्हा अंधार, पुन्हा दरी. ओम प्रत्येक बोगदा मोजायचा आणि प्रत्येक वेळी मधेच चुकायचा.

दूधसागर आला तेव्हा सगळा डबा एका बाजूला गेला. ३१० मीटरची ती धार, आणि तिच्या मधोमध कमानींचा दगडी पूल, त्याच्यावरून आमची गाडी. पाऊस जाऊन महिना झाला तरी तुषार आत येत होते. ते वर्णन पुष्कळांनी केलं आहे. मला सांगायचं आहे ते पुलाबद्दल. हा पूल मीटर गेजच्या हलक्या गाड्यांसाठी विचार केलेल्या मार्गावरचा. रुळांमधलं अंतर तेव्हा १,००० मिलिमीटर, आता १,६७६. नव्वदच्या दशकात गेज बदललं, आणि आज त्याच घाटातून केवढ्या तरी वजनाच्या मालगाड्या वर-खाली होतात. शंभर वर्षांहून जुन्या मार्गाने हा भार पेलला याचं श्रेय पाथरवटांना आणि त्याहून जास्त ती देखभाल करणाऱ्या की-मनांना आहे, जो रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालून चाव्या ठोकतो. पावसाळ्यात दरड कुठे येईल हे त्याला डोंगराच्या वासावरून कळतं, असं मामा म्हणाला. आमच्या गाडीलगत एक जण भिंतीला पाठ लावून उभा होता, खांद्यावर हातोडा, हातात झेंडी. मामाने खिडकीतून हात केला. त्यानेही केला.

धबधब्यापाशी गाडीतून उतरू नका, रुळांवरून चालत येऊ नका, असं रेल्वे सांगते आणि दंडही करते. ते पाळा. गाडीतून दिसतं ते पुरेसं आहे.

कॅसलरॉक कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात. वर हवा एकदम गार. मिरजेहून येणाऱ्या जुन्या मंडळींना हे स्टेशन चांगलं आठवत असेल. मुंबई-पुण्याहून मोठ्या गाडीने मिरजेपर्यंत यायचं, तिथे बदलून मीटर गेजच्या छोट्या गाडीत बसायचं, बेळगाव, लोंढा करत इथे पोचलं की गोवा आला. खाली उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक आजही इथे तपासतात. ब्रेक नीट लागतात याची खात्री झाल्याशिवाय घाटात गाडी सोडत नाहीत. गार्ड म्हणून मामाची सगळ्यांत मोठी जबाबदारी हीच होती. तो डब्याडब्याला वाकून बघत कसा जायचा ते त्याने फलाटावर चालून दाखवलं, अर्ध्या फलाटात दम लागला, मग बाकावर बसला.

तिथेच त्याने दिव्याचा विषय काढला, आपणहून.

"हुबळीला ते सांभाळतील, मला माहीत आहे. चांगली माणसं आहेत. पण दिवा या घाटातला. हुबळीच्या कपाटात तो दहा दिव्यांतला एक होईल. कुळ्याला एक खोली मिळाली तर? एकच. दिवा, टोकनचं यंत्र, चार फोटो. दूधसागरला जाणारी एवढी माणसं जीपची वाट बघत उभी असतात, त्यांना तास तास काम नसतं."

मला याच्याइतकी सरळ सूचना आजवर कुणाकडून ऐकायला मिळाली नाही. नवी इमारत नको, मोठा निधी नको. जुन्या स्टेशनातली रिकामी खोली, छपराला गळती नाही एवढं बघायचं, भिंतीपासून हातभर पुढे लाकडी मांडण्या, कारण आमच्याकडे भिंतीला ओल धरते. लोखंडाला पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तेलाचा हात. कागद वेगळे, कोरड्या पेटीत. आणि सांगायला एखादा निवृत्त माणूस. कुळे, काले, कुडचडे, वास्को, या मार्गावर अशी माणसं अजून आहेत. पण मामाच्या बरोबरीचे फार थोडे उरले.

घाटातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. त्यामुळे कॅसलरॉक ते कुळे हा भाग बराचसा जुन्या रेषेवर उभा आहे. नोंद करायची तर आता करता येईल. पुलाच्या कमानी, बोगद्यांची तोंडं, मैलांचे दगड, गँगच्या चाळी, सगळं मोजून, फोटो काढून, कुणी काम केलं त्यांच्या नावांसकट. अभियांत्रिकीची मुलं, इतिहासाची मुलं, निवृत्त रेल्वेवाले एकत्र बसले तर एका उन्हाळ्यात होईल असं काम आहे हे.

खाली येणारी गाडी उशिरा होती. स्टेशनबाहेर भजी आणि चहा घेतला. आर्याने तोवर वहीत घाटातल्या जागांची नावं मामाकडून लिहून घेतली. गँगमनांनी पाडलेली ती नावं कुठल्याच नकाशावर नाहीत : अमक्या बोगद्यापुढची झर, जिथे इंजिनवाले पाणी प्यायचे, किंवा ज्या वळणावर चाकं घसरायची आणि वाळू टाकायला लागायची ती जागा.

फोंड्याला आल्यावर मी रेल्वेला पत्र लिहिलं आहे. कुळ्याला लोहियांच्या अटकेची पाटी आणि एक खोली, इतकंच मागितलं आहे. सोबत दिव्याचे फोटो आणि भंगाराच्या पावतीची प्रत जोडली. दिवा सध्या मामाकडेच आहे. आर्याने त्याची काजळी पुसायला घेतली होती, मामाने पुसू दिली नाही, फक्त कड्यांना तेल लावायला सांगितलं.

दरम्यान मामाचं सांगणं मी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवते आहे, एका स्टेशनासाठी एक बैठक. मुरगावपासून सुरुवात केली, आता काले झालं. पुढच्या खेपेला कुळे आहे, आणि कुळ्यासाठी अर्धा दिवस पुरणार नाही असं मामाने आधीच बजावून ठेवलंय.